जामिनापुरतं नाव

आमच्या घरात दोन यंत्रं होती. एक पायानं चालायचं, ते ट्रेडल. त्यावर लग्नपत्रिका, हँडबिलं आणि दर शनिवारी चार पानांचं एक साप्ताहिक निघायचं. दुसरं तोंडानं चालायचं, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं होतं.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडे, मागे दोन खोल्या आणि पुढे छापखाना अशी आमची जागा होती. ती माझ्या वडिलांनी माझ्या नावावर घेऊन दिली होती. जावयाशी दोन तास गप्पा मारल्यावर त्यांना हा शहाणपणा सुचला, असं आई सांगायची. यांना खरं छापायची खोड होती. तेलाच्या व्यापाऱ्यानं करडईच्या तेलात काय मिसळलं, हेडमास्तरांची म्हैस शाळेच्या कुठल्या वर्गात बांधतात, सार्वजनिक नळ कुणाच्या अंगणात उगवला, हे सगळं यांच्या पेपरात नावागावासह यायचं. त्यामुळे आम्हाला चहाला बोलावणारं एकही घर उरलं नव्हतं. लग्नपत्रिका मात्र सगळे आमच्याकडेच छापून घेत, कारण छपाईचे खिळे यांच्याइतके सुबक गावात कुणी जुळवत नसे.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दोन वर्षंच झाली होती. आम्ही हैदराबाद राज्यात, आणि मोटारीनं तासाभरावरची हद्द ओलांडली की मध्यप्रदेश. माझं माहेर त्या बाजूचं. भाषा तीच, भाकर तीच, सरकार तेवढं निराळं. माझा धाकटा भाऊ तिकडेच एका सरकारी कचेरीत कारकून होता. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलणारा माणूस. दर भाऊबीजेला आईच्या हातचे अनारसे डब्यात घालून आणायचा, आणि हे त्याला तोंडावर ससा म्हणायचे. तो बिचारा हसायचा.

एका दिवाळीनंतर यांनी हद्दीपलीकडच्या कंट्रोलच्या कापडाचं प्रकरण छापलं. तिथल्या डेपोतून गोरगरिबांना वाटायची धोतरं मागच्या दारानं जात होती, आणि रजिस्टरात ती मेलेल्या माणसांच्या नावावर वाटलेली दाखवत होते. यांनी रजिस्टरातल्या नोंदी जशाच्या तशा छापल्या आणि वर मथळा दिला, ‘स्वर्गात धोतरं कोण पोचवतं?’ तो अंक हद्दीपलीकडे हातोहात गेला. मागोमाग तिकडचा एक पोलीस जमादार वॉरंट घेऊन आमच्या दारात आला. सरकारी कागद चोरल्याचा आणि डेपोच्या साहेबाची बदनामी केल्याचा आरोप होता. रजिस्टरची ती पानं त्यानं आमच्या कपाटातून जप्त केली आणि यांनाही उचलून कोर्टात नेलं. यांना हवाली करा, पाचच्या मोटारीनं घेऊन जातो, असं त्याचं म्हणणं.

मी पदर खोचून मागोमाग गेले. आमचे वकील शेरवानीतले, उर्दूत शिकलेले. त्यांनी मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, की दुसऱ्या राज्याचं वॉरंट आहे, आधी माणसाची ओळख पटायला पाहिजे. जमादारानं यांना कधी पाहिलेलं नाही. ओळख पटली नाही तर वॉरंट लटकलं. यांना त्यांनी तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातली होती. मला वाटलं, संपलं. याहून अवघड शपथ त्यांना कुणी घातली नव्हती.

पण बाकी गाव मदतीला धावलं. आमच्या नाक्यावरच्या शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, याला आम्ही छापखानेवाले म्हणतो. नाव पेपरात असेल, पण आपल्याला वाचता येत न्हाई. तेलाचा व्यापारी म्हणाला, या माणसाचा आणि आपला बिलकुल संबंध न्हाई. हे मात्र त्यानं मनापासून सांगितलं. मग जमादारानं माझ्याकडे बोट केलं. ही त्यांची बायको, हिला विचारा.

मुन्सफसाहेब म्हातारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, आमच्या घरातले. नाव? मी पदर पुढे ओढला. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, असं सांगितलं. लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, लिहिलं काय अन् बोललं काय, तोंड नि हात एकाच बाईचे. साहेबांशेजारी कागद लिहीत बसलेला पेशकार गालात हसला. जमादार काही वेडा नव्हता. त्याच्याही घरी बायको असणार. तो म्हणाला, उखाण्यात घेता येतं की.

आता आली पंचाईत. पण वेळ पडली की सुचतं. मी हात जोडून म्हटलं,

“शाई लागली पदराला, खिळे रुतले पायी,
यांच्याशी लग्न केल्यापासून झोप मला नाही.”

कोर्टात हशा पिकला. मुन्सफसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “बाई, इसमें नाम किधर है?”

मी म्हटलं, उखाणा संपला साहेब.

वकिलांचा चेहरा खुलला. जिंकलोच होतो आम्ही. मुन्सफसाहेबांनी टाक हातात घेतला, तेवढ्यात जमादार चिडून बोलला, की पेपर छापायला पुढे आणि नाव सांगायला मागे, असला हा बिनबापाचा पेपर.

झालं. हे उभे राहिले. वकिलांनी शेरवानीच्या बाहीनं डोळेच झाकले. यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, छापखान्याचा पत्ता आणि पेपराची वर्गणीसुद्धा सांगितली. “मीच छापलं. लपवायचं असतं तर मंग छापलं कशाला असतं?” मला असा संताप आला, की हद्दीपर्यंत मीच यांना हाकलत नेलं असतं.

ओळख पटली. मग मुन्सफसाहेबांनी ती जप्त केलेली पानं मागवली. त्यांवर तुपाचे डाग होते. त्यांनी एक पान नाकाशी नेलं, नखानं त्यावरून काहीतरी टिपलं आणि पेशकाराला दाखवलं. खसखस. हे सरकारी रजिस्टर आहे की मिठाईचं पुडकं, असं त्यांनी विचारल्यावर जमादार म्हणाला, की आमच्या डेपोत कारकून टेबलावरच खातात. मलाही ते पटलं. कारकून सगळीकडचे सारखेच.

मग साहेब सरळ बोलले. वॉरंटवर हैदराबादचा शिक्का नाही, तो येईपर्यंत ते यांना जामिनावर सोडू शकतात. मात्र कोर्ट उठायच्या आत घरदार असलेला जामीन उभा राहिला पाहिजे. नाहीतर पाचची मोटार. जमादारानं दुसरी वाट काढली. आमच्या साहेबाला खरं म्हणजे घरचा भेदी हवा आहे, पानं कुणी दिली त्याचं नाव सांगा, मी रिकाम्या हातानं परत जातो.

मी यांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढलं. हे दम्याचे. तिकडच्या कोठडीत थंडीत आठ दिवस काढले, तर नववा दिवस दिसायचा नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, “सांगून टाका त्या मेल्याचं नाव. त्यानं आपल्या हातानं दिलं, त्याचं तो निस्तरेल. तुमचा कोण लागतो तो?”

ते माझ्याकडे बघून हसले. “लागतो थोडाफार,” म्हणाले.

अशा वेळीसुद्धा चेष्टा. मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं आणि जामीन शोधायला आवारात फिरले. तेव्हा मला आमच्या पेपराचा खप किती जोरदार आहे ते कळलं. तेलवाल्यानं पाठ फिरवली. हेडमास्तर म्हैस आठवून घरी गेले. नळवाले नगरपालिका सभासद म्हणाले, वहिनी, तुमच्यासाठी जीव देईन, त्याच्यासाठी सही देणार न्हाई. चार वाजून गेले. जमादार आपली वळकटी बांधू लागला.

वकील धापा टाकत आले. म्हणाले, “जागा कुणाच्या नावावर आहे?”

माझ्या. मला ते आठवलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या जागेत मी भाकरी थापत होते, तिची मालकीण आहे हे डोक्यात कुठून येणार.

मी पुन्हा मुन्सफसाहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी कागद पुढे ओढला. कुणाची जमानत देता? मी म्हटलं, यांची. यांची म्हणजे कुणाची? आणि त्यांनी टाक शाईत बुडवून तसाच धरला. सूड उगवत होते, पण कायदा त्यांच्या बाजूनं होता. जामिनानं नाव आपल्या तोंडानं सांगायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. तासाभरापूर्वी त्याच कोर्टात मी रीतभात सांगून उखाणा म्हटला होता. आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तेलवालासुद्धा दारातून.

मी नाव घेतलं. उखाणा नाही, राव नाही, पंत नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. हे प्रूफ तपासावं तसे मान किंचित तिरकी करून ऐकत होते, आणि शेवटी त्यांनी बरोबर अशी मान हलवली. मला हसू आलं आणि रडूही आलं. पाचची मोटार जमादाराला एकट्याला घेऊन गेली.

हैदराबादचा शिक्का काही उठला नाही. तारखा पडत राहिल्या, तिकडचा तो साहेब बदलून गेला, आणि पुढे दोन्ही बाजू एकाच राज्यात आल्यावर ती हद्दच राहिली नाही. लोक आम्हाला पुन्हा चहाला बोलवायला लागले होते. यांनी लगेच नगरपालिकेबद्दल छापलं आणि तेही थांबलं.

मग एका भाऊबीजेला भाऊ आला. त्यानं कचेरी बदलून घेतली होती, जरा धीटही झाला होता. मी ओवाळलं, डबा उघडला आणि अनारशांवरची खसखस बोटाला लागली. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “ती पानं मीच आणल्ती. डब्याच्या तळाशी, अनारशांखाली. भावजींनी तुला सांगितलं असंल असं मला वाटून राह्यलं.”

मी ताट खाली ठेवलं. त्या दिवशी व्हरांड्यात मी ज्या मेल्याचं नाव सांगून टाका म्हणत होते, तो पाटावर कुंकू लावून बसला होता. त्यांनी ते नाव सांगितलं असतं तर जमादार त्याच संध्याकाळी त्याच्या दारात उभा राहिला असता, आणि आमचा ससा पहिल्या हाकेला मेला असता. आणि ते कळल्यावर या जन्मात मी त्यांना माफ केलं नसतं. हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

पुढच्या खोलीत ट्रेडल चालू होतं. मी दारात गेले. हे पाठमोरे, पाय हलवत, कागद घालत होते. इतक्या आवाजात अहो म्हटलेलं त्यांना कधी ऐकू जायचं नाही. मी त्यांना नावानं हाक मारली. कोर्टानंतर ते नाव माझ्या तोंडून निघालं ते हे दुसऱ्यांदा.

त्यांचा पाय थांबला. ते वळले आणि माझ्या बोटाला लागलेली खसखस बघून म्हणाले, “तुला सांगितलं होतं, थोडाफार लागतो म्हणून.”