पहिल्या पाइलचं कुंकू

"आबा, ह्या मॅडमना मराठी येतं का?" क्रेनवाल्यानं विचारलं. "महिना झाला, एक शब्द ऐकला न्हाय."

मुकादमांना साइटवर सगळे आबा म्हणतात. ते हसले. "येतं की. बारामतीच्याच हायत त्या. इंग्रजी शाळंत गप बसायलाच पहिला नंबर देत्यात."

मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

भिगवणच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमचा पूल होत होता. तिथं नुसता गाळ, म्हणून पाया पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकायच्या काँक्रीटच्या लांब खांबांवर. आतल्या तारा आधी ताणून मग काँक्रीट ओतलेलं. त्या तारा काँक्रीटला आवळून धरतात, म्हणून पाइल हातोड्याचे घाव सोसतो. पण आडवा उचलताना त्याला दोन ठरलेल्या जागीच धरावं लागतं. जागा चुकली की तो स्वतःच्या वजनानं वाकतो, केसाएवढी चीर जाते आणि पुढं तिच्यातून पाणी तारांपर्यंत पोचतं. त्या जागा मी स्वतः टेपनं मोजून लाल रंगानं आखल्या होत्या.

त्या सकाळी पहिल्या पाइलची पूजा होती. साइटवर बाई मी एकटीच, म्हणून कुंकवाची वाटी माझ्या हातात आली. कुठं लावायचं कळेना. लाल खुणा दिसल्या, त्यांच्यावरच स्वस्तिकं काढली.

नारळ फुटला. आबा पाइलला क्रेनचे पट्टे बांधायला वाकले आणि थबकले. असे तयार पाइल त्यांनी आधी कधी उचलले नव्हते, पण कुंकवावर पट्टा टाकायचा नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन्ही पट्टे त्यांनी तीन हात आत सरकवले.

चूक माझी होती. क्रेनचा दोर ताणला जाऊ लागला. मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवलं, खोडलं, पुन्हा जुळवलं. तेवढ्यात पाय आपोआप पुढं गेले, हात वर झाला. क्रेन थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता त्या पुलावरून एसटी जाते तेव्हा मी खिडकीशी बसते. तो पाइल कुणाला दिसत नाही. मला मात्र तो नेमका कुठं आहे ते माहीत असतं, आणि शेजारच्या बाईला सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

त्या दिवशी मात्र सांगितलं, आणि ते क्रेनच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं.

"आबा, पट्टा कुंकवावरच घ्या. जागा मी मोजलीय. पाप लागलं तर मला लागू दे."