श्वास विसरणारं बाळ

“पुण्याला पाठवू या. सहा वाजता ॲम्ब्युलन्स सांगा,” आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे सर, म्हणाले आणि रेफरची चिठ्ठी लिहायला बसले. दुपारचे दोन वाजले होते. नगरच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागाची मी इन्चार्ज सिस्टर. लोक ज्याला ‘बाळ पेटीत ठेवलंय’ म्हणतात, तो विभाग.

बाळ पाथर्डीकडच्या ऊसतोड जोडप्याचं. आई सुनीता फडावर असतानाच कळा सुरू झाल्या आणि मुलगा दहा आठवडे आधी आला. वजन बाराशे ग्रॅम.

इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूला श्वासाची सवय लागलेली नसते. ते मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. वीस सेकंद श्वास थांबला, किंवा त्याआधीच बाळ निळं पडलं, की आम्ही त्याला ॲप्निया म्हणतो. मॉनिटर ओरडतो, आम्ही धावतो, तळपायाला टिचकी मारतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं बाळ दचकतं आणि पुन्हा सुरू होतं. सोबत कॅफिनचं औषध असतं. तेच, कॉफीतलं. नातेवाइकांना वाटतं सिस्टर थट्टा करतायत.

या बाळानं औषधावर चार दिवस एकदाही दगा दिला नव्हता. मग दोन दिवसांत सात ॲप्निया. शेवटच्याला टिचकीनं भागलं नाही, मास्क लावून श्वास द्यावा लागला. असं अचानक वाढलं की पहिला संशय इन्फेक्शनचा. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ होते, तरी सरांनी अँटिबायोटिक सुरू केलं होतं. त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता.

पण बाळाचा बाप दारात उभा राहून म्हणाला, “पुन्याला न्हाई जमायचं, शिश्टर. तितं आमचं कोन हाय? त्यापरीस घरी नेतो. जगंल न्हाईतर न्हाई.”

घरी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगते. मी बेलापूरच्या शाळामास्तरांची मुलगी. लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. ॲप्नियाच्या रजिस्टरमध्ये बाकीच्या सिस्टर फक्त वेळ लिहितात. मी शेजारी आणखी एक रकाना आखला होता: बाळ उताणं होतं की पालथं, आणि त्याआधी काय चाललं होतं. ज्युनिअर डॉक्टर म्हणायचा, “सिस्टर, कादंबरी लिहिताय का?” म्हटलं, लिहितेय, तू वाच.

त्या दुपारी मीच वाचली. सातही वेळा बाळ उताणं होतं. सातही वेळा नुकतंच कांगारू संपलं होतं. कांगारू म्हणजे आईच्या उघड्या छातीला बाळ लावून ठेवणं; ते दोनच दिवसांपूर्वी सुरू केलं होतं. छातीवर असताना एकही ॲप्निया नाही. जागेवर परत ठेवलं की मात्र तासाभरात घोटाळा. इन्फेक्शन काही घड्याळ बघून येत नाही.

तीनला कांगारू संपलं. सुनीता अशक्त होती, म्हणून बाळ जागेवर ठेवायचं काम तिची सासू करायची. तिनं ठेवलं, चादर सारखी केली, बाहेर गेली. मी हलले नाही. दहा मिनिटांत मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. हनुवटी छातीला टेकली होती. ती उचलायला मानेखाली हात घातला, तर चादरीखाली काहीतरी करकरलं.

मोहरीची उशी! तळहाताएवढी, छान शिवलेली. ती ओढून काढली आणि बाळानं टिचकीशिवाय, स्वतःहून श्वास घेतला.

मोठ्या डोक्याच्या, लुळ्या मानेच्या बाळाला उशी दिली की मान मुडपते आणि दुमडलेल्या नळीतल्या पाण्यासारखा श्वास अडतो. आम्हीच बाळाभोवती कापडाच्या गुंडाळ्या लावतो. त्यात एक जास्तीचा उंचवटा कोणाच्या लक्षात येणार?

“आजी, हे काय?”

“डोकं गोल व्हावं म्हनून ठिवली. आमच्या समद्या पोरांना ठिवली हाय.”

“मग लपवून का? आम्ही चादर बदलायच्या आत काढूनही घेत होता!”

“पयल्या दिवशी काळा दोरा बांदला, तर तुमी समद्यांदेखत कापला. लई वरडला. उशी बी कापली असती.”

खरं होतं. कापलीच असती. म्हणजे ती उशी मीच लपवायला लावली होती. मला फार लाज वाटली.

रजिस्टर आणि उशी, दोन्ही सरांच्या टेबलावर ठेवली.

“इन्फेक्शन नाही याची खात्री आहे?” सर म्हणाले.

“नाही, सर. पण उद्या सकाळपर्यंत थांबू या. एक जरी झाला तरी पाठवा. बापाला मी तयार करते.”

सरांनी रजिस्टर दोनदा उलटून पाहिलं. “ठीक आहे. ॲम्ब्युलन्स उद्यावर टाका.”

खांद्याखाली पातळ घडी घालून बाळाची मान जराशी ताणून ठेवली. इथंच ठेवतोय म्हटल्यावर बापही थांबायला तयार झाला. ड्यूटी संपली तरी मी गेले नाही. सकाळी आठ वाजता रकाना कोरा होता. इतका देखणा कोरा रकाना मी नोकरीत पाहिला नव्हता. सर म्हणाले, “हा रकाना आता सगळ्यांनी भरायचा.” ज्युनिअर डॉक्टरानं मुकाट्यानं पट्टी घेऊन रेघ मारली. अभिमान वाटला, का लपवू?

काही आठवड्यांनी बाळ आईच्या कुशीत घरी गेलं. उशी माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. नव्या सिस्टर आल्या की मी ती दाखवते. आणि आता पहिल्या दिवशी ओरडत नाही, आधी विचारते, “तुमच्याकडे बाळाला काय काय करतात?” यादी लांबलचक निघते, पण समोर निघते.

वर्षभरानं आजी नातवाला घेऊन मुद्दाम आली. त्याची टोपी काढून कौतुकानं म्हणाली, “बगा शिश्टर, उशीबिगर डोकं कसं झालं.”

मागून चांगलं चपटं होतं.

रजिस्टरमध्ये मी आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. पण तिला म्हटलं, “आजी, अगदी गोल आहे!”