चाळीस टॅबलेट आणि देवरेनाना

देवरेनाना कुणाचाही टॅबलेट लगेच हातात घेत नसत. आधी समोरच्याला खुर्चीवर बसवायचे, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, चहा टाकायला सांगायचे आणि मग विचारायचे, "यातलं काय गेलं तर रडशील?" लोक हसत. टॅबलेट दुरुस्तीला आणलाय, मयताला नाही, असं एकानं सुनावलंही होतं. नाना हसत नसत. उत्तर येईपर्यंत टॅबलेट टेबलावर पालथा पडून असे.

मी पहिल्यांदा गेले ती वडिलांचा टॅबलेट घेऊन. वडील जाऊन वर्ष झालं होतं. यंत्र धडधाकट होतं, पण कंपनीनं त्याला नवं सॉफ्टवेअर देणं थांबवलं होतं, आणि एकेक ॲप त्याच्यावर चालायला नकार देत होतं. चालतं यंत्र केवळ बनवणाऱ्याला नकोसं झालं म्हणून मेलेलं समजायचं, हे मला मान्य नव्हतं. मान्य नसलेल्या गोष्टींची माझी यादी तेव्हा फार लांब होती.

नानांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, काही नाही हो, कोराच आहे. "नाही म्हणणं सोपं शे," असं पुटपुटत त्यांनी आतल्या सगळ्याची नक्कल आपल्या जुन्या लॅपटॉपवर काढली आणि एकेक फाइल उघडून बघू लागले. तिसऱ्या की चौथ्या फाइलीत वडिलांचा आवाज निघाला. खोकत खोकत ते एका पत्रकाचा मजकूर सांगत होते, मी नंतर लिहून घ्यावा म्हणून. मी तो कधीच लिहून घेतला नव्हता. नाना उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आल्यावर विचारलं, "आता हे पुसून नवं भरू?" मी म्हटलं, थांबा जरा. "थांबायलाच बसलोय," ते म्हणाले.

नाना मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या ज्या कारखान्यात माझे वडील युनियनचं काम करायचे, तिथंच नाना विजेचे पॅनल तपासायचे. वडील गेटसभेत बोलत, मी शाळेतून येऊन पत्रकांच्या घड्या घालत असे, आणि नाना लाउडस्पीकर सांभाळत. माझं वाचन त्या पत्रकांवरच झालं. नानांनी माईक शेकडो वेळा तपासला असेल, पण त्यावर 'हॅलो'च्या पुढं ते कधी गेले नाहीत. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला तेव्हा वडील खचत गेले, आणि नानांनी सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. बोलत आमच्यासारखंच, पण कामात बुडाले किंवा चिडले की अहिराणी वर येई.

टॅबलेट रूट करणं म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "टॅबलेट तू विकत घेतलास, पण राहतेस भाडेकरूसारखी. भिंतीला खिळा मारायचा तर कंपनीला विचारायचं. रूट म्हणजे घरमालकाची किल्ली." मला हे फारच आवडलं. मी लगेच म्हटलं, मग सगळ्यांना किल्ल्या वाटायला हव्यात. नाना माझ्या वडिलांकडे ज्या नजरेनं बघत, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किल्ली आली की चोराच्या हातीही तीच लागू शकते, माय. काम झालं की ती काढून ठेवायची. आणि त्या यंत्रावर बँकेचं काही उघडायचं नाही."

त्यांचे नियम ठरलेले. चार्जिंग निम्म्याच्या बरंच वर असल्याशिवाय सुरुवात नाही. केबल त्यांचीच, आखूड, आणि ती जोडलेली असताना टेबलाला कुणी हात लावायचा नाही. मांजर बाहेर, दाराला कडी. मॉडेल नंबर खोक्यावरचा नाही, यंत्राच्या पाठीवरचा बघायचा, आणि तोही भिंगातून. सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांच्याच पानावरून उतरवायचं आणि त्यांनी दिलेला लांबलचक ओळख-क्रमांक आपल्या फाइलीच्या क्रमांकाशी अक्षर अक्षर जुळवायचा. आणि सगळ्यात आधी मूळ सॉफ्टवेअरची पूर्ण नक्कल काढून ठेवायची. मी घाई केली की म्हणत, "घाई कसानी शे? पहिले परत येवानी वाट." परत यायची वाट ठेवल्याशिवाय ते पुढं पाऊलच टाकत नसत. मला तो भित्रेपणा वाटायचा. मी तसं त्यांच्या तोंडावर म्हणालेही होते एकदा. "असेल," इतकंच बोलून त्यांनी पुन्हा डोळ्याला भिंग लावलं.

पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या गावितबाईंना त्यांच्याकडे मीच नेलं. एका कार्यक्रमात ओळख झाली होती. त्यांच्या शाळेला एका कंपनीनं चाळीस टॅबलेट दिले होते, हार घालून, फोटो काढून. त्यात कंपनीचं स्वतःचं कुलूप होतं, दर काही दिवसांनी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागायची. पुढं ती कंपनी बुडाली आणि सर्व्हर बंद पडला. आता चाळीसही टॅबलेट उघडले की 'प्रशासकाशी संपर्क साधा' एवढंच दाखवायचे. संपर्क साधायला प्रशासक उरलाच नव्हता. शाळेचे विज्ञानाचे सर बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. बाई स्वतः मराठीच्या. दहावीच्या मुलींना प्रकाशाचं अपवर्तन त्या पुस्तकातून वाचून दाखवत. वाचून दाखवते, समजावता येत नाही, असं त्या सांगत होत्या तेव्हा त्यांची मान खाली होती.

नानांनी आधी कागद मागितला. बाईंनी देणगीचं पत्र आणलं. त्यात टॅबलेट शाळेला कायमचे दिले असं स्वच्छ लिहिलं होतं. मग नानांनी बाईंची लेखी परवानगी घेतली. मग भंगारातून तसलाच एक फुटक्या काचेचा टॅबलेट मिळवून त्यावर आठ-दहा वेळा करून पाहिलं. मी आपली रोज विचारत होते, झालं का, झालं का. शेवटी शाळेत गेलो. चाळीसही टॅबलेट एकसारखे दिसत होते, खोकी एकच, रंग एकच. नानांनी एकेकाच्या पाठीवर भिंग धरलं आणि चार बाजूला काढले. आत वेगळी चिप असलेला निराळाच माल होता तो. माझ्यासारखीनं सरसकट केलं असतं तर ते चार तिथंच डेड झाले असते. त्या चारांसाठी त्यांनी आणखी पंधरा दिवस घेतले.

कुलूप निघालं. आत स्वच्छ, साधं अँड्रॉइड बसलं. तिकडे नेटवर्क टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, म्हणून नानांनी पाठ्यपुस्तकं आणि विज्ञानाचे समजावून सांगणारे व्हिडिओ आतच भरून दिले. मनीषा नावाची दहावीतली एक मुलगी होती, बारीक, बोलताना तोंडावर हात धरणारी. तिनं भिंगातून किरण वाकतो कसा, हे एकाच बैठकीत सात वेळा बघितलं आणि नानांना येऊन सांगितलं, "आता मला कळला." नानांनी खिशातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं आणि मग म्हणाले, बघ, जुळतंय का. तिला नर्सिंगला जायचं होतं. विज्ञान सुटलं तर जाता येणार होतं.

परतताना मी म्हटलं, यावर लिहिते. नाना म्हणाले, "अजून नको. परीक्षा होऊ दे."

मी लिहिलं.

गप्प बसणं हा गुलामाचा गुण आहे, हे मी पाळण्यात ऐकलेलं. एका बुडीत कंपनीचं कुलूप एका निवृत्त कामगारानं आणि एका मराठीच्या बाईनं उघडलं, ही गोष्ट महाराष्ट्रभर जायला हवी असं मला मनापासून वाटलं. माझ्या वडिलांचा नियम होता की निनावी पत्रक हे भित्र्याचं असतं, माणसांची नावं अभिमानानं घालावीत. मी घातली. शाळेचं, गावाचं, गावितबाईंचं, नानांचं, मनीषाचंही. चाळीस हा आकडा ठळक छापला. ते पत्रक तालुक्याच्या आठवडी बाजारात स्वतः वाटलं आणि फोनवरूनही पाठवलं.

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या शहरातल्या ऑफिसात ते आठवड्यात पोचलं. संस्था तेव्हा नव्या देणगीदाराच्या शोधात होती. जुन्या देणगीदाराची वस्तू फोडली असा बोभाटा त्यांना परवडणारा नव्हता. बाईंनी देणगीचं पत्र दाखवलं. त्यांना सांगण्यात आलं की शाळा म्हणजे संस्था, बाई नव्हेत. सगळे टॅबलेट होते त्या मूळ स्थितीत जमा करा, नाहीतर निलंबनाला तयार राहा, असं पत्र बाईंच्या हातात पडलं. बाईंच्या एकटीच्या पगारावर घर होतं.

मी पेटले. मोर्चा काढू, कोर्टात जाऊ, दुसरं पत्रक काढू. बाईंकडे निघालो होतो; नाना पेठच्या एसटीत माझ्याशेजारी खिडकीशी बसले होते, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाईंना विचारलं होतंस, नाव घालू का?"

"नाही."

"मला?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालोच होतो." मग खिडकीबाहेर बघत: "तुझा बाप गेटवर बोलायचा तेव्हा गेटच्या आत कोण कोण आहे, हे त्याला ठाऊक असायचं."

मूळ सॉफ्टवेअरची नक्कल त्यांच्याकडे होती, चारांची वेगळी, छत्तिसांची वेगळी. ती भरली की 'प्रशासकाशी संपर्क साधा' जसंच्या तसं परत येणार होतं. काम दीड दिवसाचं होतं. नानांनी तीन दिवस लावले, कारण प्रत्येक मुलीला समोर बसवून ते विचारत होते, यातलं काय हवंय. मुलींनी टिपणं केली होती, आकृत्या काढल्या होत्या. ते सगळं त्यांनी मुलींना वहीत उतरवून घेऊ दिलं, कुणाला घाई केली नाही. व्हिडिओ वहीत उतरत नाहीत. मनीषा शेवटपर्यंत मागं उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, एक ऱ्हाऊ द्या ना. मोजनार कोन हाय?"

"मोजतील, माय," नाना म्हणाले. "चाळीस छापलेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

टॅबलेट संस्थेच्या ऑफिसातल्या कपाटात गेले. नानांनी संस्थेला पत्र लिहिलं, तक्रारीचं नव्हे. नुसते पडून राहिले तर बॅटऱ्या फुगतील, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा, आणि लावताना जवळ कागद ठेवू नका, एवढंच. उत्तर आलं नाही. त्यांनी महिन्यानं पुन्हा लिहिलं.

मी सिडकोत जात राहिले. चहा मिळे. नाना कधी रागावले नाहीत, पण हातातलं काम समजावून सांगायचे थांबले. मी खुर्ची ओढली की ते टॅबलेट पालथा ठेवून काकूंशी भाजीबद्दल बोलत. माफी मागितली तेव्हा म्हणाले, "मला कसली माफी? माझं काय गेलं?" मग त्यांनी मांजराला आत घेतलं. मांजर आत म्हणजे काम बंद, हे मला माहीत होतं. पुढं थंडीत, संक्रांतीच्या आसपास, छातीत दुखतंय म्हणून नानांना दवाखान्यात नेलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. टेबलावर कुणाचा तरी टॅबलेट होता. काकूंनी तो ज्याचा त्याला परत केला, न उघडता.

निकाल लागला. मनीषाचा एक विषय गेला. तो कुठला, हे सांगायला नको. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा होता त्या दिवसांत तिचं सगळं घर निफाडकडे द्राक्षबागेच्या कामावर गेलेलं होतं. बाईंनी फोन लावून पाहिले, लागले नाहीत. हे मला बाईंनीच सांगितलं, शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून. आत या म्हणाल्या नाहीत. "ताई, काही दिवस इकडे येऊ नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोण आलं-गेलं त्याची नावं लिहून घेतात." नवा देणगीदार आलाच नव्हता. विज्ञानाचे सरही नाहीत.

मी अजूनही मानते की ते कुलूप अन्यायाचं होतं आणि ते उघडणं न्यायाचं होतं. या वाक्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण मनीषाला या वाक्याचा काही उपयोग नाही, आणि बाईंनाही नाही. स्वतःचं नाव घालायला धैर्य लागतं, हे वडिलांचं खरंच होतं. दुसऱ्याचं घालायला काहीच लागत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी सांगून पाहिलं त्यांना मी भित्रे म्हणाले होते.

म्हणून या लेखात गावितबाई हे खरं नाव नाही. मनीषा हेही नाही. शाळेचं मी लिहिलेलंच नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी काकूंकडे गेले आणि विचारलं, नानांचं नाव घालू का. त्या तांदूळ निवडत होत्या. ताटातला हात थांबला नाही.

"घाल," त्या म्हणाल्या. "त्यांचं आता कोण काय काढून घेणार?"