बाहेरची कडी

आमची गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा साताऱ्यातली आमची सगळी गल्ली बघायला आली. आत पलंग, गॅसची शेगडी, भांडी ठेवायला फळ्या, पाण्याची टाकी आणि एवढासा संडाससुद्धा. एका शेजारणीने तर विचारलं, "वहिनी, घर विकलं का काय?" मी म्हटलं, "न्हाई बाई, घराला चाकं लावली."

ही सगळी हौस आमच्या ह्यांची. फौजेत उभी हयात ट्रक चालवला, रसद पोचवली, आणि पेन्शनीत आल्यावर बसून राहणं जमेना. एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर करून घेतलं. आरटीओत खेटे घालून घालून तशी नोंदणीही आणली. फौजी माणूस असल्यामुळे कागद चोख. पण फौजी असल्यामुळेच सगळीकडे शत्रू दिसायचा. खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवल्या. स्टिअरिंगला दांड्याचं कुलूप. आणि एक चोरबटण असं लपवून ठेवलं की ते दाबल्याशिवाय गाडी चालूच व्हायची नाही. एकदा हेच ते विसरले आणि भर घाटात आम्ही तासभर एकमेकांची तोंडं बघत बसलो. तेव्हा मी पोट धरून हसले होते. ती विसरण्याची सुरुवात होती हे मला कुठून कळणार?

विम्याचं प्रकरण मात्र पहिल्यापासून डोकेदुखीचं. ह्यांची समजूत अशी की गाडी जितकी बंदोबस्तात, तितका हप्ता कमी. साधं गणित आहे, नाही का? चोरीच होणार नाही तर कंपनीने पैसे कशाचे घ्यायचे? म्हणून हे मोठ्या उत्साहाने सगळ्या जाळ्या-कुलपांची यादी सांगायला गेले. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं. सूट मिळते ती प्रमाणपत्र असलेल्या यंत्राला, आणि तीही नावापुरती. जाळ्यांना सूट नाही. उलट खिडकीतून संकटात बाहेर पडता येत नसेल तर हरकत. चोरबटणासाठी गाडीच्या वायरी कापल्या असतील तर तेही कळवायचं, नाहीतर उद्या काही झाल्यावर कंपनी हात वर करणार. आणि गाडीचा विमा म्हणजे गाडीचा. आतला पलंग, शेगडी, टाकी हे वेगळं लिहायचं, त्याचा हप्ता वेगळा. एकूण काय, हात दाखवून अवलक्षण. कमी करायला गेलेला हप्ता वाढवून हे घरी आले आणि दोन दिवस माझ्याशीच बोलले नाहीत, जसा काही मीच तो नियम केला होता.

पण जाळ्यांना आतून उघडणाऱ्या बिजागऱ्या लावल्या, सगळं रीतसर कळवलं, आणि आम्ही हिंडलो. खूप हिंडलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. लग्नानंतर आम्ही सलग कधी राहिलोच नव्हतो, रजेपुरता संसार. तो राहून गेलेला संसार आम्ही त्या गाडीत केला.

मग डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं. रस्ते आठवेनात, माणसांची नावं आठवेनात. घरात बसवलं की चिडायचे, ताट सारायचे. गाडीत बसवलं की माणूस शांत. म्हणून मी साठीला टेकलेली बाई गाडी शिकले. हेच शेजारी बसून शिकवायचे, तेही कवायतीच्या मैदानावर शिकवल्यासारखं. "क्लच! क्लच म्हनलं ना! म्हशीवर बसलीस काय?" स्वतःच्या भावाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण क्लच बरोबर आठवत होता.

पलूसला माझ्या नणंदेचा द्राक्षमळा आहे. तिथे चार दिवस गेलो होतो. दुपारी जेवण झालं, लिंबाच्या झाडाखाली गाडी लावलेली, मी आत लवंडले होते. ह्यांनी बूट घातले आणि दारातून म्हणाले, "येतो गं."

मी म्हटलं, "या."

आपल्याकडे निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही. लहान मूलसुद्धा म्हणालं तर आई तोंडावर हात ठेवते. हेही दर रजा संपली की ट्रंक उचलून 'येतो' म्हणायचे आणि वर्षभराने यायचे. इतकं ऐकलेलं मी. पण त्या दुपारी मला वाटलं, हे मळ्यात चक्कर मारून येतायत. 'येतो' म्हणजे येतो, असं धरून मी कूस बदलली.

दिवस कलला तरी पत्ता नाही. मळा पालथा घातला, विहीर वाकून पाहिली. ते विहिरीत वाकून पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेवटी वाटेवरच्या कुणीतरी ह्यांना स्टेशनकडे जाताना पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा नणंदेच्या मुलाने मला मोटरसायकलवर बसवून रेल्वे स्टेशनवर नेलं, तर हे फलाटावरच्या बाकावर ताठ बसलेले. पिशवी मांडीवर, बुटांवरची धूळ पुसलेली. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस सोडायला? रजा संपली माझी. जा घरी, ऊन लागंल."

मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, "आवं, रजा वाढवून मिळाली." तेवढ्याने चेहरा असा उजळला की मला रडूच आलं.

साताऱ्याला परत आल्यावर मी गाडीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. वेल्डिंगवाल्याला सांगितलं, चोऱ्या फार वाढल्यात. तो म्हणाला, "मावशी, बाहेरून कडीला कुलूप लावा म्हणजे झालं." कुलूप लावलं नाही कधी. फक्त कडी. दूध आणायला, कुणाला रस्ता विचारायला, भाजी घ्यायला उतरले की हळूच सरकवायची. आवाज होऊ नये म्हणून तिला तेल घालायचे. आपल्याच माणसाला कडी लावताना कसं वाटतं हे सांगता येत नाही. पण त्या विहिरीपेक्षा ते बरं. परत येऊन दार उघडलं की हे आहे तिथेच बसलेले असायचे. कधी दार वाजवलं नाही, कधी ओरडले नाहीत. मला वाटायचं, त्यांना कळतच नाही. त्या समजुतीवर मी माझं मन राखून होते.

त्या साली दवाखान्याच्या धावपळीत विम्याची मुदत टळून गेली. मुदत टळली की कंपनीचा माणूस गाडी तपासायला येतो, मगच नवा विमा. आमच्याकडे आलेला मुलगा भला होता. चपला काढून गाडीत चढला, म्हणून मला तो आवडला. सगळीकडून फोटो काढले, जाळ्या उघडून पाहिल्या, चोरबटण विचारलं. हे आत पलंगावर बसून सगळं बघत होते. मग तो उतरला आणि दारापाशी थांबला.

"काकू, ही कडी बाहेरून कशाला?"

"चोरांसाठी," मी म्हटलं.

"दाराला कुलूप आहे की. आणि आत माणूस असताना ही लागली, गाडीने पेट घेतला, तर आतला माणूस बाहेर कसा येणार? ही असताना मला गाडी पास करता येणार नाही."

मी काहीतरी बोलत सुटले. रस्त्यावरची टवाळ पोरं, कुत्री, कायकाय. तेवढ्यात आतून हे बोलले. आवाज अगदी पहिल्यासारखा, फौजेतून आल्यावरचा.

"चोरांसाठी न्हाई ती, साहेब. माझ्यासाठी हाय."

तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी जातो कुठंबी," हे सांगत होते. "मला कळत न्हाई. म्हणून ती लावती. लावू दे तिला. तिच्या जिवाला घोर लागतो न्हाईतर."

म्हणजे कळत होतं. दर वेळी कळत होतं. कडी सरकताना आत बसून ऐकत होते आणि मला वाईट वाटू नये म्हणून दार वाजवत नव्हते. मी तिथेच पायरीवर बसले. पदर तोंडाला लावला तरी हुंदका आवरेना. परक्या मुलासमोर रडायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मुलगा माझ्यापेक्षा अवघडला होता. ह्यांच्याजवळ जाऊन वाकून म्हणाला, "आजोबा, पण कडी असली तर गाडीचा विमा निघत नाही हो."

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग गाडीचा ऱ्हाऊ दे," म्हणाले. "हिचा काढा. माझ्यामागं धावून धावून हिलाच काय तरी हुईल."

मुलाने मान खाली घातली आणि हो म्हणाला.

कडी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली आणि विमा झाला. कागद हातात आला तेव्हा मला कळून चुकलं की आता गाडी रस्त्यावर न्यायला कुणाचीच हरकत नाही, आणि तरी मी नेऊ शकत नाही. स्टिअरिंगही धरायचं आणि ह्यांचा हातही धरायचा, हे एकट्या बाईला जमण्यासारखं नाही. सिग्नलला गाडी थांबली आणि हे दार उघडून उतरले तर? गाडी विकून टाका असं नणंद म्हणते. तिचं चुकत नाही. पण गाडी बघितल्याशिवाय ह्यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही, म्हणून मी दर वर्षी हप्ता भरते आणि गाडी दारातच ठेवते. घराच्या फाटकाला आतून कुलूप असतं. ते का, असं विचारायला कुठली कंपनी येत नाही.

रोज जेवण झालं की आम्ही गाडीत जाऊन बसतो. मी स्टिअरिंगवर, हे शेजारी. थोडा वेळ इंजिन चालू करते, बॅटरीलाही ते बरं असतं.

"निघायचं का?" हे विचारतात.

"आवं, निघालोय की कवाच."

"कुठवर आलो?"

मला सुचेल ते गाव सांगते. काल म्हटलं, "हे काय, लोणंद आलं."

ह्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. समोर आमचीच कंपाउंडची भिंत, तिच्यावर वाळत घातलेलं माझं लुगडं, आणि नळाखाली भरायला लावलेली बादली. बराच वेळ ते बघत राहिले.

"लय बदललं गं लोणंद," म्हणाले.

मी म्हटलं, "व्हय."