एकट्या नावाची ओळ

वसंताभाऊ गेल्याचं मला कळलं ते संध्याकाळी, आणि तेही मी आपल्या पायांनी तिथे गेले म्हणून. रोजच्यासारखी पिशवीत चष्मा नि पाण्याची बाटली टाकून नागपूरच्या जरीपटक्यातल्या त्या गल्लीत वळले, तर त्यांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानाचं शटर खाली. ऐन लग्नसराईत! मला आधी रागच आला. सांगून तरी जायचं माणसाने... तेवढ्यात शेजारच्या शिलाईच्या दुकानातली रेखा मशीन थांबवून बाहेर आली. "मॅडम, तुमाले कोनी सांगतलं नाही का?" सकाळी छातीत दुखतं म्हणून ते स्वतःच ऑटो करून धंतोलीच्या एका दवाखान्यात गेले होते आणि दुपारच्या आत सगळं संपलं होतं. दवाखान्याने भिवापूरला त्यांच्या भावाला फोन केला, भाऊ गाडी घेऊन आले आणि मी घरी निवांत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते तेव्हा त्यांना गावी घेऊन गेलेसुद्धा. रेखा ओशाळून म्हणाली, "मले वाटलं, तुमाले तं पयलेच मालूम असन." सगळ्यांना तसंच वाटलं असणार. त्यात कोणाची चूक म्हणू? मला फोन करायचा, तर मी त्यांची कोण म्हणून करायचा?

मी मराठीची मास्तरीण. निवृत्त झाले, लग्न केलं नाही; का केलं नाही हे साठीनंतर कोणी विचारत नाही, तेवढा एक फायदा. वसंताभाऊंची ओळख भांडणातून झाली. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या मुलीची पत्रिका त्यांनी केली होती आणि तिच्यात इतक्या चुका होत्या, की मी ती लाल पेनने तपासली आणि तावातावाने दुकानात नेऊन त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती शांतपणे वाचली, कानामागची पेन्सिल काढून ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, आता एवढं केलंच हाये तं रोज येत जा ना." मी दुसऱ्या दिवशी गेले. घरी तरी काय होतं? नागपुरात समोरच्या पुरुषाला भाऊ म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात, म्हणून ते वसंताभाऊ झाले. मी मॅडमची मॅडमच राहिले. ते बोलायचे वऱ्हाडी, मी शाळेतली मराठी, आणि आमचं कधी अडलं नाही.

तेव्हा दुकानात लहानसा मॉनिटर होता. पत्रिका तपासायला येणारा कर्ता पुरुष त्यावर वाकायचा, त्याच्या खांद्यावरून मेहुणा डोकवायचा आणि घरातल्या बाया मागे बाकावर हातात हात धरून बसायच्या. त्यांना दिसायचं काय, तर नवऱ्यांच्या पाठी. एकदा एक म्हातारी आत्या एकटीच आली, छापून गेलेली पत्रिका घेऊन. म्हणाली, "बापू, माह्या भाच्याच्या लग्नाची हाये. मले वाचता येत नाही. माह्यं नाव कुठं हाये ते दाखव." वसंताभाऊंनी पत्रिका उलटसुलट पाहिली. तिचं नाव कुठेच नव्हतं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही... नावं सांगणाऱ्या पुरुषांच्या डोक्यातूनच ती गेली होती. वसंताभाऊंनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पाय ना आत्या." म्हातारीने त्या ओळीवरून अंगठा फिरवला, पत्रिकेची घडी केली नि कमरेच्या पिशवीत ठेवली. मी समोरच बसले होते. ती गेल्यावर ते उठून मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून मॉनिटरकडे पाहू लागले. मग म्हणाले, "मॅडम, मांगच्या बाकावर बसनाऱ्याले वाचता आलं पायजे."

आणि त्या महिन्यात त्यांनी टीव्ही आणला. पन्नास इंची, एखाद्या दिवाणखान्यात शोभेल असा. भिंतीवर ठोकला आणि जाड वायरीने कॉम्प्युटरला जोडला. पहिले काही दिवस नुसता तमाशा. टीव्ही चारी बाजूंनी थोडंथोडं कापून दाखवायचा, त्यामुळे पत्रिकेची वेलबुट्टी आणि अगदी खालची ओळ गायब. एका गृहस्थांना वाटलं, आपल्या व्याह्याचं नाव मुद्दाम उडवलं, आणि ते दुकानातच लाल झाले. अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसायच्या. कुंकवाचा रंग पडद्यावर भडक आणि छापून आला की फिका. रिमोट हातात धरून वसंताभाऊ रोज नवीन काहीतरी दाबून पाहत आणि टीव्ही मध्येच 'सिग्नल नाही' म्हणून काळा होऊन बसे. शेवटी कुठल्याशा कोपऱ्यात ती सेटिंग सापडली आणि सगळं जागच्या जागी आलं. मग कळलं, की एवढ्या मोठ्या पडद्याला नाक लावून काम होत नाही, मान भरून येते. म्हणून त्यांनी टेबल काढून टाकलं, बिनवायरीचा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि ते गिऱ्हाइकांच्या बाकावर, गिऱ्हाइकांच्या मधोमध बसू लागले. पोरं दारात येऊन कार्टून मागायची, मॅच असली की अर्धी गल्ली आशेने डोकावून जायची. दिसायचं काय, तर चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक.

माझं काम वाचायचं. पडद्यावर नावं आली की मी उभी राहून एकेक नाव मोठ्याने वाचायची, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ऐकता यावं. शेतकऱ्यांच्या घरच्या पत्रिका, बौद्ध मंडळींच्या निळ्या काठाच्या मंगल परिणयाच्या पत्रिका, शेजारच्या सिंधी कुटुंबांच्या हिंदी पत्रिका... सगळीकडे रीत एकच, नावं जोडीने. सौ. अमुक व श्री. तमुक, डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. एकटं नाव आलं की रांग बिघडते आणि म्हणून ते पहिल्यांदा गळतं. सगळी नावं वाचून झाली की वसंताभाऊ कीबोर्डवरचा हात उचलत आणि विचारत, "घरातलं एकटं कोनी सुटलं नाही ना?" हमखास मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच बोलायचं. कोणाची नांदायला न गेलेली बहीण, कोणाचा बिनलग्नाचा काका. मग वसंताभाऊ ते नाव घ्यायचे आणि खाली वेगळ्या ओळीत, बरोबर मधोमध बसवायचे. एखादा म्हणायचा, "काहून एवढी जागा देऊन राहिले गा त्याले?" तर हे म्हणत, "जोडी नसली तं जागा तं पायजे ना."

त्यांचंही लग्न झालं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही मला नाही. दिवसभर लोकांच्या घरची नाती लावायची आणि शटर ओढून, दुकानावरच्या खोलीत एकट्याने खिचडी टाकायची, असा त्यांचा दिवस. माझाही काही वेगळा नव्हता. माझं घर दोन गल्ल्या मागे. एकमेकांकडे आम्ही कधी जेवलो नाही. आमची जागा म्हणजे तो बाक आणि समोर तो टीव्ही. गिऱ्हाईक नसलं की ते पडद्यावर एखादी जुनी पत्रिका उघडत आणि म्हणत, "वाचा मॅडम." मी वाचायची, आणि या जोडीचं काय झालं, त्या घरात भांडण कसं लागलं, हे ते सांगत बसायचे. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण संध्याकाळचे साडेपाच वाजले की मी आजही साडी नीट करते, हे खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची पुतणी प्रणाली, हिचं लग्न ठरलं. भिवापूरहून भाऊ प्रभाकरराव, सुनंदावहिनी, प्रणाली, आणखी चुलत मंडळी, असे सगळे गाडी भरून आले. वसंताभाऊंनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. सगळ्यांना समोसे मागवले, सोबत आलेल्या त्यांच्या आत्याबाईंना पंख्याखाली बसवलं. प्रभाकरराव नावं सांगत गेले, हे टाइप करत गेले. काका-काकूंची रांग आली. जोड्या भराभर बसल्या, डावी-उजवी अगदी सारखी. मी वाचू लागले. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, पुढे असेल. मामा झाले, मावश्या झाल्या, लहान मुलांच्या नावांची किलबिल झाली. शेवटच्या नावावर येऊन मी थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं. आता ते विचारतील, म्हणून थांबले. त्यांनी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर घरची सगळी माणसं बसली होती, प्रत्येकजण आपापलं नाव शोधून खूश होता आणि ज्याच्या मांडीवर कीबोर्ड होता त्याचं नाव कोणाला आठवेना. मी तोंड उघडलं, "प्रभाकरराव, यात एक..." तर वसंताभाऊ घाईने म्हणाले, "झालं मॅडम. फायनल हाये. बराबर हाये सारं."

मंडळी गेल्यावर मी चांगलीच तडकले. हा काय मानभावीपणा! जगाला विचारता, स्वतःच्या भावाला विचारायला जीभ झडते का? वसंताभाऊ समोशांचे कागद गोळा करत होते. म्हणाले, "इचारलं असतं तं टाकलं असतं ना त्याहीनं. प्रभाकर काही वाईट नाही. पन मंग ते माह्या म्हनन्यानं टाकलं असतं." कागदांचा बोळा टोपलीत टाकून म्हणाले, "मले वाटलं, कोनाले तरी दिसन... एवढा मोठा टीव्ही हाये." लग्नाला ते गेले, वाढायला उभे राहिले, पुतणीच्या पाठवणीला रडले. आल्यावर मला बुंदीचे लाडू दिले. पण त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी पडद्यावर ती एक पत्रिका कधी उघडली नाही.

वसंताभाऊ गेल्यावर तिसऱ्या दिवशी प्रभाकररावांचा फोन आला. तेरवीची, म्हणजे तेराव्या दिवसाची पत्रिका करायची होती. "तुमाले जमते म्हने मॅडम. वसंता सांगत होता." रेखाकडे किल्ली होती. मी शटर वर केलं, टीव्ही लावला, पडदा उजळला आणि मी बाकावर त्यांच्या जागी बसून कीबोर्ड मांडीवर घेतला. प्रभाकरराव आले, वहिनी, प्रणाली आणि तिचा नवरा आले. 'कै. वसंत' एवढी अक्षरं टाकली आणि ती भिंतभर मोठी समोर दिसली, तेव्हा प्रभाकरराव ढसाढसा रडले. "माह्या मांगं मांगं फिरे हो हा लहानपनी," एवढंच म्हणत राहिले. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. मग शोकाकुल म्हणून नावं सुरू झाली. गावाहून फोन येऊ लागले, याचं नाव घ्या, त्याचं राहिलं. जोड्या वाढत गेल्या, अक्षर लहान करावं लागलं. मी टाइप केलं आणि मग सवयीने उभी राहून सगळं वाचूनही दाखवलं. मोठ्याने, एकेक नाव. वाचताना माझा आवाज हलला नाही, शाळेत पस्तीस वर्षं काढली आहेत. प्रणालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि मान खाली घातली. तिला कळलं होतं. पण परक्या आडनावाच्या बाईचं नाव शोकाकुलमध्ये टाकलं, तर गावात दहा तोंडं, दहा बोलणी. पोरीने काय म्हणावं? आणि मी तरी काय सांगून टाकायला लावावं? बोटं कीबोर्डवर होती. मी स्वतः टाकलं असतं तरी त्या गर्दीत कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. वसंताभाऊ त्या दिवशी याच जागी बसून 'बराबर हाये सारं' कसे म्हणाले होते, ते मला तेव्हा कळलं. "झालं मॅडम?" प्रभाकररावांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं."

छापून आल्यावर पहिली पत्रिका त्यांनी मलाच आणून दिली, दोन्ही हातांनी. पाकिटावर माझं नाव होतं आणि पुढे 'सहपरिवार'. मी तेरवीला एकटीच बसने भिवापूरला गेले, पंगतीत बसले, वहिनींनी आग्रहाने दोनदा वाढलं. येताना त्यांनी घरच्या तिखटाची पुडी दिली. ती फोडलेली नाही.

दुकान आता रिकामं झालं आहे. टीव्ही प्रभाकररावांनी भिवापूरला नेला, बैठकीत लावला. मागच्या आठवड्यात प्रणालीचा फोन आला, ती माहेरी आली होती. म्हणाली, "मॅडम, टीव्हीले काही तरी झालं हाये. मालिका लागली तरी डावीकडून एक पुसट पट्टी दिसते उभी, बारीक बारीक चौकोनाईची. जातच नाही." मी ओळखलं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली अवजारांची पट्टी, वर्षानुवर्षं दिवसभर एकाच जागी उभी. ती पडद्यात मुरली असणार. तिला तसं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा दुरुस्तीले टाकून राहिले होते. मी नको म्हनते."

हा लेख इथवर लिहून पेपरच्या पुरवणीला पाठवला, तर तिथून एका मुलीचा फोन आला. मजकूर घेतोय, म्हणाली, पण लेखाखाली एक ओळ लागते, लेखिका त्यांच्या कोण ते. "परिचित लिहू का? की त्यांच्याकडे मुद्रितशोधन करत होत्या, असं?" मी खिडकीत उभी होते, गॅसवर चहा उकळत होता. मी म्हटलं, "मैत्रीण लिहा." माझं वय तिला ठाऊक असावं. "नक्की ना, मॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, नक्की. भिवापूरला हा पेपर जातो, हे मला माहीत आहे.