गावचा जावई, कारखान्याचा सुपरवायझर

श्री. जयराम मल्हारी कड, राहणार सिडको, नाशिक. शैक्षणिक अर्हता : बारावी (वाणिज्य) व उद्योग व्यवस्थापन प्रमाणपत्र (सहामाही, द्वितीय श्रेणी). विशेष प्रावीण्य : मनुष्यबळाचे नियोजन, प्रेरणा व नियंत्रण. वर्तणूक : समाधानकारक.

यातलं नियंत्रण सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

अंबडच्या एका लहान कारखान्यात जयराम लेथवर होता. नोकरी लावून दिली पुंजामामांनी. पुंजामामा म्हणजे बायकोचे, ज्योत्स्नाचे, सख्खे चुलते आणि तिथले सर्वांत जुने कामगार. दिंडोरीकडच्या आपल्या गावातली बरीचशी पोरं त्यांनी आधीच तिथे चिकटवली होती. शेवटी जावयालाही चिकटवलं. त्यामुळे जयरामच्या दोन्ही अंगांना मेहुणे होते आणि समोर सासरे.

१९९८च्या सुमाराला मालक देवरेशेठांना आयएसओचं प्रमाणपत्र हवंसं झालं. तेव्हा अंबडमध्ये ज्याला त्याला ते हवं होतं. त्यासाठी शिकलेला सुपरवायझर दाखवावा लागणार होता, आणि बारावी झालेला जयराम एकटाच. शेठनी त्याला एका कॉलेजातल्या रविवारच्या वर्गाला घातलं.

तिथे एक प्रात्यक्षिक असे : उशिरा येणाऱ्या कामगाराला समज देणे. त्यात कामगाराचं सोंग घेतलेल्या, पतपेढीतल्या एका कारकुनाला जयरामनं असं फैलावर घेतलं की तो बिचारा खरोखरच माफी मागून बसला. सर म्हणाले, "कड, तुमच्यात एक व्यवस्थापक दडलाय." तो पुढेही दडूनच राहिला.

निकाल लागताच शेठ म्हणाले, "पुंजा रोज उशिरा येतो. उद्या त्याला सगळ्यांदेखत झाड. नाही जमलं तर तुझा कोर्सही फुकट आणि तूही."

मामांना उशीर होई, कारण शेतीची लाइट रात्री यायची. द्राक्षांना पाणी भरून ते तसेच एसटीत बसत. हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी डबा हातात देताना ज्योत्स्ना म्हणाली, "काकांना वाकडं बोलाल तर यंदा माझी भाऊबीज कुठं करायची, तेवढं सांगून जा."

म्हणजे झाडलं तर सासर गेलं, नाही झाडलं तर नोकरी.

मामा येऊन कामाला लागल्यावर सुपरवायझरचा नवा निळा कोट घालून जयराम त्यांच्या मशीनकडे निघाला. मामांनी त्याला येताना पाहिलं, मशीन बंद केलं, हात पुसले, टोपी सारखी केली आणि ते उभे राहिले.

"या जावईबापू."

जावई आला की उठायचं, ही रीत. आणि एका घरचा जावई तो अख्ख्या गावाचा. आजवर तो समोरच्या मशीनवर असायचा, आज पहिल्यांदाच चालत भेटीला आला होता. पलीकडच्या गेणूनं मशीन बंद केलं. मग त्याच्या पलीकडच्यानं. सगळी ओळ उभी राहिली.

"मामा, तुम्ही रोज उशिरा..."

"येतो ना," मामांनी लगेच कबुली दिली. "त्या लाइटीनं लय वैताग दिलाय. तुमी बसा आधी. ए गेन्या, स्टूल आण! पाव्हणं उभं हे, दिसत नाय का?"

जयराम बसला. जावयानं अशा वेळी नको म्हणायचं नसतं.

कारखाना इतका शांत झाला की केबिनमधून शेठची हाक सगळ्यांना ऐकू आली. चिडले की ते सटाण्याच्या अहिराणीवर येत. "हाई काय चालनं शे? कोनं लगीन शे का?"

नोकरी गेली असं धरून जयराम केबिनमध्ये गेला.

शेठ काचेतून बंद मशीनांकडे बघत म्हणाले, "तू फिरशील तेवढ्या वेळा माझं प्रोडक्शन बंद. तू फिरूच नको."

"मग परत लेथवर जाऊ?"

"लेथवर कसा जाशील? आयएसओवाल्यांना काय दाखवू? स्टोअर सांभाळ. हुद्दा राहू दे."

जयरामला एवढं हलकं वाटलं की शेठचे पायच धरावेत. कोर्समध्ये ते बसत नव्हतं, म्हणून त्यानं नुसता नमस्कार केला.

प्रत्यक्ष फिरून कामगारांवर नजर ठेवायला शेठनी सटाण्याहून भाच्याला, किशोरला, आणलं. त्याची मुख्य पात्रता म्हणजे त्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्यानं पहिल्याच दिवशी मामांना झाडलं. मामांनी ते मशीन चालू ठेवून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आले. भाऊबीज नेहमीच्याच घरी झाली.

पुढे आयएसओ मिळालं. स्टोअरच्या दारावर पाटी लागली : 'जयराम म. कड, प्रमुख, मनुष्यबळ व भांडार विभाग'. विभागात दुसरं कोणी नव्हतं.