आत्याच्या गुडघ्यातला दगड

आमच्या आत्याची इस्त्री आणि जीभ, दोन्ही कधी गार पडलेल्या मी पाहिल्या नाहीत. सगळं आयुष्य तिने आपल्या इस्त्रीच्या दुकानात टेबलापाशी उभ्याने काढलं. भार डाव्या पायावर, उजवा आरामात विटेवर. कोणी टोकलं की म्हणायची, "एकाने राबायचं, एकाने आराम करायचा. आपल्या घरात तरी वेगळं काय चालतं?" आणि बाबांकडे बघायची.

शेवटी डावा गुडघा बदलायची वेळ आली. बाबांना आयतंच निमित्त मिळालं. "तुझ्या हाडांचा भुगा झालाय. आता दुकान बंद कर."

आत्या चक्क गप्प बसली! मला बाबांचा असा राग आला! दुकान गेलं तर ही बाई घरात बसून काय भिंती मोजणार?

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत हाडांचे काप करते. ऑपरेशननंतर आत्याच्या गुडघ्यातलं हाड तपासणीला आलं ते माझ्याच टेबलावर. बाहेरच्या बाजूला करवत सरसर चालली. आतल्या, म्हणजे उजव्या पायाकडच्या बाजूला, जिथे सगळा भार यायचा, तिथे किर्र करून अडलीच! काप धुऊन दिव्याखाली धरला आणि मी ओरडलेच. वरची मऊ गादी, म्हणजे कूर्चा, पार गेली होती. पण खालचं हाड? भुगा कसला, दगड झाला होता! भार पडत गेला तसं ते जाड, घट्ट होत गेलं होतं. त्या नादात लवचीकपणा गेला, दणके सोसेनात आणि वरची गादी आणखीच भरडली गेली. मदतीला धावायचं आणि जवळच्यालाच चेपायचं, थेट आत्या!

मी धावतच डॉक्टरांकडे गेले. "उजवा गुडघा कसा आहे? बाबा तिला दुकान बंद करायला सांगताहेत."

"चांगला आहे की. बऱ्या झाल्या की उंच स्टुलावर बसून काम करू देत. फक्त भार एकाच पायावर नको. दुकान कशाला बंद करायचं?"

वॉर्डात जाऊन आत्याला मोबाइलवर त्या कापाचा फोटो दाखवला. घट्ट झालेल्या हाडाचा तो पांढराशुभ्र पट्टा ती बघतच राहिली.

"हे माझं?"

"तुझंच."

तिचे डोळे भरून आले. "आणि मी मेली रोज याला शिव्या घालत होते गं."

तेवढ्यात बाबा आले. आत्याने डोळे पुसले. "दादा, दुकानात उंच स्टूल आणून ठेव. ती वीट फेकून दे. आणि उद्यापासून घरोघरी कपडे तू पोचवायचेस."

"मी?"

"डॉक्टरांनी भार वाटून घ्यायला सांगितलंय."

बाबा निमूटपणे स्टूल बघायला गेले.